मधली वाट मुद्दाम सोडली आहे

रांगोळी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पंखे लावत नाहीत. खिडक्याही घट्ट बंद असतात. वाऱ्याची एक झुळूक आत शिरली, की चाळणीने आणि चिमटीने बसवलेला रंग उडून शेजारच्या चित्रातल्या गणपतीच्या सोंडेवर जाऊन बसतो, आणि मग त्या दोन कलाकारांचं वर्षभर पटत नाही. म्हणून दर दिवाळीच्या तोंडावर आम्ही काही मंडळी नारायण पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, शहाबादी फरशीवर, घामाघूम होत बसलेली असतो. खोकला आला तर तोंड फिरवायचं. शिंक आली तर उठून बाहेर जायचं. नियम सगळ्यांना पाठ आहेत.

संडासला लागली तर काय करायचं, याचा मात्र नियम नाही, कारण हा प्रश्न कोणाला पडतच नाही. मला पडतो. सकाळी डोळे उघडल्यापासून मला पहिला तोच पडतो.

माझ्या आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, त्या भरतात, पुन्हा होतात. रक्त पडतं. कळ येते ती उभी राहून ऐकून घ्यावी अशी नसते. ती आली की निघायचं, हातातलं काम टाकून, समोरचा माणूस बोलत असला तर त्याचं वाक्य अर्धं टाकून. हा आजार बरा होत नाही, नुसता गप्प बसतो. कधी गप्प बसेल आणि कधी तोंड उघडेल हे त्याचं तो ठरवतो. डॉक्टर त्याला इंग्रजीत छान नावं देतात, मी त्याला भाडेकरू म्हणते. जुन्या पेठेतला भाडेकरू, निघता निघत नाही.

वारज्याला राहते आणि खराडीला नोकरीला जाते, म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. या रस्त्यावर कुठल्या पेट्रोल पंपाच्या संडासाला कडी आहे, कुठल्या दवाखान्यात पेशंट नसतानाही आत सोडतात, कुठल्या हॉटेलात नुसता चहा मागवला तरी किल्ली देतात, हे मला झोपेत विचारा. ऑफिसात एक नवी मुलगी हसत म्हणाली होती, "तू आत इतका वेळ रील्स बघतेस का गं?" मी म्हटलं, "हो, आतड्याच्या." चांगली मुलगी आहे, पण तिचं पोटही चांगलं आहे, त्याला ती तरी काय करणार.

घरी मी आणि आई. आईने या आजाराचं मराठी भाषांतर पहिल्याच आठवड्यात करून टाकलं होतं: पित्त. शेजारच्या काकूंना पित्त, नातेवाइकांना पित्त, माझ्यासाठी स्थळ घेऊन येणाऱ्यांना "तसं काही नाही हो, जरासं पित्त". गोळ्यांनी माझा चेहरा सुजून पुरीसारखा झाला होता तेव्हा ती लोकांना "तब्येत सुधारलीय" असं सांगायची, आणि लोक आनंदाने मान डोलवायचे. मी चिडले की तिची म्हण तयार असायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हणायचे, "आई, मूठ झाकता येते. हे झाकता येत नाही. पळावं लागतं."

तिला लाज वाटत होती असं मला वाटायचं, आणि त्याचा मला संताप यायचा. आजार माझा, रक्त माझं, आणि लाज कसली तिची? पण तिच्याशी भांडून मी थकले होते. भांडायला मला रांगोळी बरी पडते.

रांगोळी मी कॉलेजात असताना सरांकडे शिकले. सर म्हणजे आमच्या मंडळाचे प्रमुख, निवृत्त चित्रकला शिक्षक, पांढरा झब्बा, करड्या मिशा. गालावरची सावली करड्या रंगाने नव्हे तर जांभळ्याने द्यायची, हे त्यांनीच शिकवलं. मी त्यांच्या हाताखाली मोर काढले, समई लावणाऱ्या बायका काढल्या, पुढाऱ्यांचे चेहरे काढले. लोक दोरीपलीकडून फोटो काढायचे आणि "अगदी खरं वाटतं" म्हणायचे. तेवढ्यात आमची दिवाळी व्हायची.

मोठी रांगोळी करताना मधल्या भागापर्यंत हात पोचत नाही. म्हणून दोन बुटक्या स्टुलांवर फळी टाकतात आणि फळीवर पालथं पडून काम करतात. फळीवरून उतरायचं तर सावकाश, आधी एक गुडघा, मग दुसरा, ओढणी सावरून. मला सावकाश उतरणं जमेलच असं नसतं. मागच्या दिवाळीत मी मोराच्या मानेवर काम करत होते आणि कळ आली. उतरले कसली, पडलेच. ओढणी मोराच्या मानेवरून फिरली आणि मी त्या मोराकडे न बघता बाहेर पळाले. परत आले तर सरांनी स्वतःच ठरवलं होतं की मला चक्कर आली. माझ्यासाठी लिंबाचं सरबत तयार होतं. रिकाम्या, चिडलेल्या आतड्यावर लिंबू! सगळे प्रेमाने बघत होते आणि "घे गं, बरं वाटेल" म्हणत होते. मी पेला हातात धरून त्या बिनमानेच्या मोराकडे बघत बसले, आणि तिथेच ठरवलं की पुढच्या वर्षी मोर नाही, समई नाही. मी सर्वांत जास्त काय बघितलंय ते काढायचं.

सर्वांत जास्त मी संडासाचं दार बघितलंय. आतून.

आमच्या वारज्याच्या फ्लॅटमधलं ते दार प्लास्टिकचं आहे, फिकट निळं, खालून पाण्याने फुगलेलं. त्याला ॲल्युमिनियमची कडी आहे, तिचा एक स्क्रू सैल. हुकाला माझा गाऊन. एका बाजूला बादली, तिच्या काठाला अडकवलेला मग. वरच्या काचपट्ट्यांतून सकाळी उजेडाच्या तिरप्या रेघा येतात आणि दारावरून हळूहळू खाली सरकतात. लोकांना हिमालयातला सूर्योदय पाठ असतो, मला तो उजेड पाठ आहे. चित्रात दार समोर, मध्ये फरशी, आणि खालच्या कडेला माझे गुडघे आणि पोट दाबून धरलेले दोन हात. म्हणजे बघणाऱ्याने मी बसते तिथे बसायचं.

सप्टेंबरातल्या मंडळाच्या बैठकीत प्रत्येकाने आपापला विषय सांगितला. माझी पाळी आल्यावर मी विषय सांगितला आणि वर मला दाराजवळची जागा हवी असंही सांगितलं. जागा आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून ठरतात. दाराजवळची कोणाला नको असते, धूळ येते. तरी सरांनी विचारलं, "का?"

"शाळेचा संडास अंगणाच्या टोकाला आहे सर. मला काम करताना मधेच जावं लागतं. मला कोलायटिस आहे. आणि सुट्टीत त्याला कुलूप लावून ठेवतात, तर किल्ली माझ्याकडे हवी."

कोणीतरी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. सरांनी चष्मा पुसला. "अगं, जागा घे, किल्ली घे. पण विषयाचा विचार कर. दिवाळी आहे. रांगोळी म्हणजे मंगल गोष्ट. लोक मुलाबाळांना घेऊन येतात."

"मुलंबाळं जात नाहीत का सर?"

हसू कोणीतरी दाबलं. सर हसले नाहीत. "हात दाखवून अवलक्षण कशाला," एवढंच म्हणाले. सर वाईट नाहीत, हे मी इथे लिहून ठेवते. पण सुंदर म्हणजे काय हे त्यांचं कधीच ठरून गेलेलं आहे, आणि त्यात माझी बादली बसत नव्हती. त्यांनी विषय नाकारला नाही, कारण मी दार उत्तम काढणार हे त्यांना माहीत होतं. चांगल्या शिष्याला अडवायचं जिवावर आलं असेल.

आईला मी फक्त "एक दार काढतेय" असं सांगितलं. ती म्हणाली, "छान. वाड्याचं का?"

काम सुरू झालं तेव्हा मी फळी वापरलीच नाही. त्याऐवजी चित्राच्या मधोमध, दाराच्या उंबऱ्यापासून माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाजूने कडेपर्यंत, वीतभर रुंद वाट रंगाशिवाय सोडली. त्या वाटेवर उकिडवी बसून दोन्ही बाजूंना काम करायचं. कळ आली की उठायचं आणि वाटेने सरळ बाहेर, अंगणातून टोकापर्यंत, किल्ली गळ्यात. शेवटी सगळं झाल्यावर मागे मागे सरकत वाट भरून टाकायची, असा बेत होता. सोपा बेत, कोणालाही सुचेल. मला सुचायला एक मोर खर्ची घालावा लागला.

घामाने पाय ओले होत आणि सांडलेला रंग त्यांना चिकटे. निळा दाराचा, तपकिरी उंबऱ्याचा, थोडा गुलाबी माझ्या गुडघ्यांचा. त्यामुळे वाटेवर पावलं उठायला लागली. सुरुवातीला मी येता-जाता ओल्या फडक्याने ती पुसत होते. मग एकदा पोट फारच बिघडलं, जाऊन येते न येते तोच पुन्हा जावं लागलं, आणि पुसायचं राहिलं. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा मी चित्राच्या कडेला उभी राहून बघितलं. निळं दार, निळी भिंत, सावल्या, सगळं जिथल्या तिथे, अगदी शांत. आणि मधून ती पावलं, घाईतली, चवड्यांवर जोर दिलेली, बाहेर पडणारी. दार मी माझ्या हुशारीने काढलं होतं. पावलं माझ्या आजाराने काढली होती, आणि माझ्यापेक्षा बरी काढली होती.

फडकं मी बादलीत टाकलं. खऱ्या बादलीत, काढलेल्या नव्हे.

काम संपलं त्या संध्याकाळी सर पाहणी करायला आले. सगळ्यांच्या चित्रांपुढे थोडं थोडं थांबले, माझ्यापुढे बराच वेळ. कडीचा सैल स्क्रू त्यांना दिसला हे मला कळलं, कारण ते वाकले. "उजेड चांगला आलाय," ते म्हणाले. "आता ही वाट भरून घे आणि मोकळी हो."

"भरणार नाही सर. ती तशीच."

"अगं, अपूर्ण दिसतं ते. आणि पायाचे ठसे? रांगोळीवर पाय पडले म्हणतील."

"पडलेच आहेत."

"हे बघ, मी तुला जागा दिली, किल्ली दिली, विषयालाही हो म्हटलं. आता एवढं ऐक." आणि त्यांनी खिशातून छापलेलं कार्ड काढून माझ्या चित्रापुढे ठेवलं. आमच्याकडे प्रत्येक रांगोळीपुढे शीर्षकाचं कार्ड असतं. माझ्या कार्डावर छापलं होतं: एकांत.

मला इतकं हसू आलं की पोट दुखलं, आणि या वेळी त्याचा दोष आतड्याकडे नव्हता. "सर, एकांत कुठला? बाहेरून आई दार वाजवत असते. ऑफिसचा फोन वाजत असतो. खालच्या मजल्यावर कळतं मी किती वेळा पाणी टाकलं. ज्याला एकांत पाहिजे त्याने डोंगरावर जावं. इथे मी एकटी असते, एकांतात नसते."

"मग तुझ्या जबाबदारीवर," ते म्हणाले. "उद्या लोक काय म्हणतील ते तू ऐक."

मला नेमकं तेच हवं होतं. इतकी वर्षं लोक पित्ताबद्दल बोलत होते, ते मी ऐकत होते. आता निदान माझ्याबद्दल बोलतील. मी कार्ड उलटं केलं आणि जाड मार्करने लिहिलं: "संडास, आतून. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या बाईचा. मधली वाट मुद्दाम सोडली आहे. पूर्ण करण्याच्या सूचना करू नयेत." शेवटचं वाक्य लिहिल्यावर फार बरं वाटलं. या शहरात जन्माला येऊन पाटी नीट लिहिता आली नाही तर काय उपयोग.

मग घरी गेले आणि आईला बघितलं. ती लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत आणि दारातून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढत होती. दर वर्षी काढते. मुठीचा ठसा आणि वर बोटांचे पाच ठिपके. सगळी पावलं आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही, तसं काढतच नाहीत. मी ती न पुसता आत यायला कडेकडेने चालले आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. सरांची नव्हे, लोकांचीही नव्हे. उद्या ही बाई काकूंना घेऊन येणार होती आणि दार बघणार होती. तिने मान खाली घालून निघून जायचं ठरवलं तर माझ्या सगळ्या फुशारक्या तिथेच संपणार होत्या. ते कार्ड मी जगासाठी लिहिलं असं म्हणत होते, पण जगात मला एकच वाचक हवा होता.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं आणि हॉल भरला. नव्या साड्यांचा वास, अत्तर, घाम. आणि दाराजवळची जागा मागण्यातली चूक मला तेव्हा कळली. येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा माझ्याच चित्रापाशी थांबत होता. "वा, काय दार काढलंय! कडी बघ, कडी!" मग नजर खाली, कार्डाकडे. काही जण पुढच्या गणपतीकडे लगबगीने निघून गेले. काही थांबले. एक तरुण मुलगा बराच वेळ उभा राहिला, पोटावर हात ठेवून, आणि मला नमस्कार करून गेला. मी समजायचं ते समजले.

आई आली ती शेजारच्या काकूंबरोबर. मोतिया रंगाची साडी, केसांत गजरा. काकूंनी कार्ड मोठ्याने वाचलं. त्यांना सगळंच मोठ्याने वाचायची सवय आहे. "अल्स... रेटिव्ह... म्हणजे पित्तच का हो?"

आई दोरीजवळ गेली. आपल्याच घरातला गाऊन, आपलीच बादली, आपलंच फुगलेलं दार तिला दिसलं. त्या दाराच्या बाहेर ती किती वेळा उभी राहिली होती, ते मला आतून माहीत होतं. मग तिची नजर वाटेवर आली.

"पावलं पुसायची राहिलीत का गं?"

"नाही. ठेवलीत."

"सगळी बाहेर जाणारी दिसतात."

"आत येताना पाय धुतलेले असतात. घाई नसते."

ती पुन्हा बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मागून एका गृहस्थांनी सूचना न करण्याची सूचना वाचूनही सूचना केली, "वाट भरली असती तर पूर्ण झालं असतं." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी कळ आली.

खोटी नव्हती. खालपर्यंत पिळत गेली. गळ्यातली किल्ली हातात आली, आणि समोर बघते तर दार माणसांनी गच्च भरलेलं. आत येणाऱ्यांची रांग, मुलं, पिशव्या, फोटो काढणारे. जी जागा मी पळायला मागितली होती तिथूनच पळता येत नव्हतं. आयुष्यभर मी अशा वेळी "एक्स्क्यूज मी" पुटपुटत, खालमानेने, माणसांच्या कोपरांखालून वाट काढलीय. मी नुसतं म्हटलं, "आई."

तिने माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. आणि जिने इतकी वर्षं मूठ झाकून धरली होती त्या माझ्या आईने, गजरा आणि मोतिया साडी यांसकट, भर हॉलमध्ये खणखणीत आवाज लावला.

"अहो, बाजूला व्हा जरा. माझ्या मुलीला संडासला जायचंय."

काकूंचं तोंड उघडं राहिलं. कोणीतरी "अहो, हळू" असं काहीतरी म्हणालं, बहुतेक सरच असावेत. आई त्या दिशेला वळलीसुद्धा नाही.

"वाचता येतं ना? तिथे लिहिलंय. वाट सोडा."

लोक सरकले. दोन्ही बाजूंना, भिंतीला चिकटून, पोरांना जवळ ओढून. मधे फरशीची वाट तयार झाली. मी तिच्यावरून गेले, भरभर, पण मान वर करून. अंगण ओलांडलं, कुलूप काढलं, कडी लावली. आत बसल्यावर रडू आलं, ते लपवण्याचं काही कारण नाही. पोटात आग होतीच, ती कुठे जाते. पण मी त्या अनोळखी दाराकडे बघून हसतही होते.

परत आले तेव्हा गर्दी तशीच होती. आई दोरीपाशी, चित्राच्या खालच्या कडेला उभी होती. त्या वाट भरायला सांगणाऱ्या गृहस्थांना तिने दंडाला धरून माझ्या गुडघ्यांच्या बाजूला आणून उभं केलं होतं.

"तिथून नाही कळायचं," ती त्यांना सांगत होती. "इथून बघा. ती बसते तिथून."